वाचकांचे प्रश्न : वीस दिवसांचा उच्चांक आणि गप्प बसलेला फॉर्म्युला

(सूत्रे इथे देवनागरीत छापली आहेत. शीटमध्ये फंक्शनची नावे, कॉलमची अक्षरे आणि आकडे इंग्रजीतच टाइप करावेत.)

प्रश्न : बंद भाव वीस दिवसांच्या उच्चांकाच्या वर गेला की ‘नवा’ दिसावे म्हणून =इफ(ई२२>मॅक्स(सी३:सी२२),"नवा","") असा फॉर्म्युला केला आहे. सी मध्ये दिवसाचा उच्च भाव आहे, ई मध्ये बंद भाव. शेअर महिनाभर चढत होता, तरी ‘नवा’ एकदाही उमटले नाही. कुठे चुकते? — एक वाचक, म्हापसा

उत्तर : चूक एका ओळीची आहे. तुमच्या सी३:सी२२ या पट्ट्यात बावीसावी ओळ, म्हणजे आजचाच उच्च भाव, धरला गेला आहे. बंद भाव त्या दिवसाच्या उच्च भावापेक्षा जास्त असूच शकत नाही, फार तर बरोबरीला येईल. त्यामुळे अट कधीच खरी ठरणार नाही, शेअर दुप्पट झाला तरी. पट्टा कालपर्यंतच थांबवा : सी२:सी२१.

मांडणी एकदा नीट करून घ्या. नव्या गूगल शीटच्या ए१ मध्ये हे टाका (उदाहरणाला पणजीच्या गोवा कार्बनचे चिन्ह घेतले आहे) :

=गूगलफायनान्स("एनएसई:गोवाकार्बन","ऑल",टुडे()-६०,टुडे()+१,"डेली")

पहिल्या ओळीत शीर्षके येतात. त्याखाली ए ते एफ मध्ये तारीख, उघडता भाव, उच्च, नीच, बंद भाव आणि उलाढाल. जुनी तारीख वर, ताजी खाली. साठ दिवस मागितले की चाळीसएक ओळी मिळतात, कारण शनिवार-रविवार आणि सुट्ट्या गळतात. ए ते एफ मध्ये खाली कुठेही स्वतःचा शेरा लिहू नका. एक सेल भरलेला असला तरी यादी पसरत नाही आणि ए१ मध्ये रेफची चूक दिसते. शेरे जे कॉलममध्ये ठेवा.

आता जी२२ मध्ये =इफ(ई२२="","",मॅक्स(सी२:सी२१)), एच२२ मध्ये =इफ(ई२२="","",इफ(ई२२>जी२२,"नवा","")) आणि आय२२ मध्ये =इफ(ई२२="","",ई२२/जी२२-१). आय ला टक्केवारीचे रूप द्या, म्हणजे उच्चांकापासून भाव किती खाली आहे ते कळते. तिन्ही सेल पन्नासाव्या ओळीपर्यंत खाली ओढा. सुरुवातीची रिकाम्या सेलची अट गाळू नका. नाहीतर यादी संपल्यावरही जी मध्ये अर्धवट पट्ट्याचे उच्चांक दिसत राहतात, आणि घाईत माणूस नेमका तोच आकडा वाचतो.

दुरुस्तीनंतर ‘नवा’ उमटायला लागेल, पण प्रत्येक ‘नवा’ला तेजी समजू नका. समजा एकवीस दिवसांपूर्वी भाव एका दिवसात ५२० ला टेकून आला आणि नंतर कालपर्यंत ४९७ च्या वर गेलाच नाही. काल बंद ४९५, आज ४९८. काल ५२० पट्ट्यात होता, आज बाहेर पडला. जी मधला आकडा ५२० वरून ४९७ वर घसरतो आणि शीट ‘नवा’ म्हणते. भाव चढला तीन रुपये, बाकीचे काम जुना आकडा गळल्याने झाले. म्हणून उच्चांक किती दिवसांचा जुना आहे तेही पाहा. के२२ मध्ये =इफ(ई२२="","",२१-एक्समॅच(जी२२,सी२:सी२१,०,-१)). कालचा असेल तर १ येईल, सर्वांत जुना असेल तर २०. शेवटचा -१ महत्त्वाचा : उच्चांक दोनदा आला असेल तर तो अलीकडचा धरतो. साधा मॅच जुना धरतो. काल के मध्ये २० होते आणि आज ‘नवा’ आले, तर आधी जी चा आकडा कालच्याशी ताडून पाहावा.

कमी उलाढालीच्या शेअरमध्ये एखादाच सौदा उच्च भाव उंच नेऊन ठेवतो. तिथे मॅक्स ई२:ई२१ वर, म्हणजे बंद भावांवर, लावणे आम्हाला अधिक पटते. आणि बाजार चालू असताना या शीटवर विसंबू नये. गूगलचे भाव वीस मिनिटांपर्यंत मागे असू शकतात. साडेतीननंतर, आजची तारीख यादीत आली की निवांत पाहावे.

प्रश्न : वीस कामाचे दिवस मागे जाण्यासाठी वर्कडे हे फंक्शन वापरतो. सुट्ट्यांची यादी गोवा सरकारची घातली आहे. डिसेंबरात तारखा का सरकतात? — एक वाचक, फोंडा

उत्तर : ३ डिसेंबरचे सेंट फ्रान्सिस झेवियरचे फेस्त आणि १९ डिसेंबरचा मुक्तिदिन गोव्याच्या सुट्ट्या आहेत, मुंबईच्या बाजाराच्या नाहीत. १ मे ला महाराष्ट्र दिन म्हणून बाजार बंद असतो. चवथीच्या सुट्ट्यांतला एकच दिवस दोन्ही याद्यांत जुळतो. बाजाराची यादी घातली तरी वर्कडे पुरत नाही : १ फेब्रुवारी २०२५ चा शनिवार अर्थसंकल्पामुळे चालू होता, १२ नोव्हेंबर २०२३ च्या रविवारी दिवाळीच्या मुहूर्ताचे सौदे झाले. हे दोन्ही दिवस वर्कडे गाळते. तारखा मोजूच नका, ओळी मोजा. बाजार उघडला त्या दिवसाचीच ओळ असते.

प्रश्न : भाव फाइल उतरवून एक्सेलमध्ये चिकटवतो. शेअर हजाराच्या वर गेला तरी मॅक्स ९९८ दाखवतो. — एक वाचक, डिचोली

उत्तर : हजाराच्या वरचे आकडे ‘१,०१२.५०’ असे स्वल्पविरामासकट मजकूर म्हणून आले आहेत, आणि मॅक्स मजकूर गुपचूप सोडून देतो. असे आकडे सेलमध्ये डावीकडे चिकटलेले दिसतात. शेजारच्या कॉलममध्ये =व्हॅल्यू(सबस्टिट्यूट(ट्रिम(सी२),",","")) करून घ्या आणि मॅक्स त्यावर लावा. उतरवलेल्या फाइलमध्ये ताजी तारीख बहुधा वर असते. तसे असेल तर पट्टा खालच्या ओळींचा घ्यावा लागेल, किंवा तारखेप्रमाणे आधी उलटी रचना करा. बोनसही पाहा. ऑक्टोबर २०२४ मध्ये रिलायन्सने एकास एक बोनस (एका शेअरमागे एक फुकट शेअर) दिला आणि भाव निम्म्यावर आला. न जुळवलेल्या यादीत त्याआधीचे उच्च भाव दोनने भागले नाहीत, तर पुढचे वीस दिवस ‘नवा’ येणार नाही.