जीएसटी कमी झाला म्हणतात, मग आमच्या इंदूरमधे सुट्या शेवेचा भाव तोच कसा?

अहो कारण सुट्या शेवेवर आधीपासूनच ५ टक्के होता, कमी होणार तरी काय! २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ आणि २८ वाले बहुतेक दर गेले आणि आता मुख्य दोनच राहिले, ५ आणि १८. त्यात १२ वरून ५ वर आलं ते पाकीटबंद, लेबलवालं नमकीन. दुकानदार तराजूवर तोलून कागदात बांधून देतो ते नाही, त्यामुळे त्याच्याशी उगाच वाद घालू नका, मी एकदा घातला आणि तोंडावर पडलो 😅

दुधाचंही तसंच, रोजच्या पिशवीवर कर नव्हताच, टेट्रापॅकवर ५ होता तो शून्य झाला. तूप-लोणी मात्र १२ वरून ५, साबण शाम्पू टूथपेस्ट तर १८ वरून थेट ५, किराणा बिलात फरक दिसला तर इथेच दिसेल.

खरा फायदा मला विचाराल तर मेडिक्लेमचा. स्वतः काढलेल्या पॉलिसीवर, फॅमिली फ्लोटर (अख्ख्या कुटुंबाची मिळून एकच पॉलिसी) धरून, १८ टक्के लागायचे ते आता शून्य, म्हणजे मूळ प्रीमियम २०,००० असेल तर ३,६०० वाचले (कंपनीने मूळ प्रीमियमच वाढवला नसेल तर हं, रिन्यूअलची जुनी पावती काढून ताडून बघा). ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीला ही सूट नाही. आणि पेट्रोल तर जीएसटीत येतच नाही, त्याची वाट बघू नका.