गावडे, गावकर, वेळीप : आडनाव की हुद्दा?

गोव्यातल्या फोंड्याहून एका वाचकांनी विचारलंय : "गावडे आणि गावकर एकाच शब्दापासून आले का? 'गावडे' म्हणजे गावंढळ, असं आमच्याकडे एकजण सांगतो; दुसरा म्हणतो बंगालच्या गौड देशातून आलेले. आणि वेळीप यात कुठे बसतात?"

आधी गावंढळ बाजूला करू. गावंढळ, गावंढा हे शब्द गावावरूनच झालेत, पण ते शहरी माणसाच्या नाकातून निघालेले. गावडा हे गोव्यातल्या एका जमातीचं नाव. जमातीचं नाव म्हणून लोक जो शब्द पिढ्यान्‌पिढ्या स्वतः सांगतात तो असा टोमण्यातून येत नाही. गौड देशाचं म्हणणं त्याहून लंगडं आहे. ते गौड सारस्वतांच्या कथेतलं, उच्चारसाम्यामुळे गावड्यांना चिकटवलेलं.

पटणारी वाट कानडीतून जाते. कानडी शिलालेखांत 'गावुंड' म्हणजे गावचा प्रमुख. अनुनासिक गळून गावुड, गौड झालं; कर्नाटकातला गौडा आणि तमिळ मुलखातला गौंडर याच गोतातले मानले जातात. गोव्यावर कदंबांचं राज्य होतं, त्यांचे लेख कानडीतही आहेत, तेव्हा कारभाराचा कानडी शब्द इथे रुजला यात नवल नाही. कारवारकडच्या हालक्की समाजातही गौडा हेच आडनाव चालतं. पद्मश्री तुळसी गौडा त्यांच्यातल्याच. 'गाव'ला मराठी 'डा' जोडून गावडा झाला (मुख-मुखडा, तसा), असंही कुणी म्हणेल. तसं झालं असतं तर शब्दाला लाडाची किंवा हिणवणीची छटा आली असती, हुद्द्याची नव्हे. म्हणून माझं मत कानडीच्या बाजूचं.

आता रूप पाहा. कोकणीत एक माणूस 'गावडो', अनेक 'गावडे'. मराठीत गावडा, गावडे. आडनावातला 'ए' हा आदरार्थी बहुवचनाचा, भोसला-भोसले यातला. त्यामुळे एक बारीक फरक पडतो आणि लिहिताना तिथेच चूक होते : जमातीबद्दल लिहिताना 'गावड्यांचा मांड (लोकविधींची पवित्र जागा), गावड्यांचे धालो (बायकांचा नाच-गाण्याचा उत्सव)', आणि आडनावाच्या माणसाबद्दल 'गावडेंचं घर'. 'गावड्यांचं घर' लिहिलंत तर वाचणारा जमातीचं समजेल.

गावकरची गोष्ट वेगळी. पेडणेकर, केरकर, मंगेशकर यांतला 'कर' ठिकाण सांगतो. गावकरमधला 'गाव' हे ठिकाण नव्हेच. प्रत्येकजण कुठल्यातरी गावचा असतोच की! कोकणीत शब्द 'गांवकार' असा दीर्घ आहे. 'कार' तिथे रहिवासी दाखवतो (गोंयकार, मडगांवकार) तसा धनीपणही दाखवतो : घरकार म्हणजे घरधनी, भाटकार म्हणजे भाटाचा, म्हणजे बागायतीचा, मालक. गांवकार हा या दुसऱ्या रांगेतला : गावात ज्याचा हक्काचा वाटा आहे तो. गावची जमीन सामाईक, ती कसायला लावणं, बांध आणि मानशी (पाणी अडवण्या-सोडण्याची दारं) सांभाळणं, देवळाचा खर्च, हे सगळं गावकऱ्यांच्या वांगडांकडे, म्हणजे कुळगटांकडे. 16 सप्टेंबर 1526 ला पोर्तुगीज अधिकारी आफोंसो मेशियाने या रिवाजांचा 'फोराल', म्हणजे सनद, लिहून काढला, त्यात हे लोक 'गांकार' म्हणून येतात. या सामाईक कारभाराच्या संस्थेला पुढे कोमुनिदाद हे नाव पडलं आणि गावकऱ्याच्या वार्षिक वाट्याला 'जोनो'. घाटावर मात्र गावकरी म्हणजे गावातला कुणीही. गोव्यातल्या जुन्या कागदात 'गावकरी' वाचताना पुण्याचा अर्थ लावलात तर सगळा दस्तऐवज उलटा कळेल. मुंडकार, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणारा, त्याच गावात शंभर वर्षं राहिला तरी गावकर होत नसे.

हा हक्क जातीने नव्हे, गावातल्या कुळाने ठरायचा. म्हणून गावकर आडनाव सारस्वतांत मिळतं, मराठ्यांत मिळतं, काणकोण-केपेच्या वेळीप-कुणबी घरांतही मिळतं. देवळात पहिला मान कुणाचा, नारळ ठेवून गाऱ्हाणं कोण घालतो, हे विचारलं की आडनावापेक्षा जास्त उलगडतं.

वेळीप हा शब्द मुख्यतः काणकोण, केपे, सांगे या तालुक्यांतला. गावच्या देवाची सेवा करणारा मानकरी, असा त्याचा वापर आहे. पुढे तेच नाव अख्ख्या समाजाला आणि आडनावाला लागलं. 'वेळ'पासून व्युत्पत्ती जोडणारे भेटतात, पण शेवटच्या 'प'चं काय करायचं ते सांगत नाहीत. बुधवंत, जल्मी हेही असेच समाजातले हुद्दे.

सासष्टी-तिसवाडीत बाटलेल्या गावड्यांना पोर्तुगीज आडनावं मिळाली, फर्नांडिस, गोम्स वगैरे. तिथे गावडा हे जमातीचं नाव राहिलं, आडनाव गेलं. 1928 मध्ये मसूरकर महाराजांनी घडवलेल्या शुद्धीनंतर जे परत आले ते नवहिंदू गावडे.

व्यवहाराचं एक. गावडा, कुणबी, वेळीप यांचा गोव्याच्या अनुसूचित जमातींच्या यादीत समावेश झाला तो 2003 मध्ये. यादी जमातीची आहे, आडनावांची नाही, आणि ती राज्यागणिक वेगळी असते. सिंधुदुर्गात मराठा गावडे भरपूर आहेत. त्यांचं आडनाव जुळतं, जमात नाही. दाखल्यासाठी आजोबा-पणजोबांच्या नोंदीत समाज काय लिहिलाय ते शोधावं लागतं. जुन्या पोर्तुगीज नोंदी चाळताना 'क'साठी बहुधा 'सी' असतो आणि ए-ई या स्वरांच्या आधी 'क्यू-यू'. म्हणून गावकर 'के'ने शोधलात तर सापडणार नाही. शिवाय 'गां'मधला अनुस्वार कधी 'एन' होतो, कधी 'एम', कधी नुसती अक्षरावरची लाट. देवनागरीतही 'गांवकर'वरचा अनुस्वार 1962 च्या शुद्धलेखन नियमांनंतर मराठीत गेला, घरच्या कागदांत राहिला. एकाच घरात बाप गांवकर आणि मुलगा गावकर, असं त्यामुळे दिसतं.