वजन ठीक असले म्हणून निर्धास्त राहावे का?

प्रश्न : मी विद्यापीठाच्या वसतिगृहात राहते. माझ्या खोलीतली मैत्रीण दिवसभर जवळजवळ उपाशी असते, रात्री मात्र भराभर खूप खाते आणि लगेच न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बराच वेळ आत राहते. तिचे वजन व्यवस्थित आहे. मी उगाच काळजी करते आहे का?

उत्तर : तुमची काळजी मुळीच अनाठायी नाही. निदान तज्ज्ञच करतील. परंतु तुम्ही लिहिले आहे त्यावरून बुलिमियाची, म्हणजे एकदम खूप खाऊन ते उलटी वगैरे करून बाहेर काढत राहण्याच्या आजाराची, शंका येते, आणि या आजारात वजन बहुधा सर्वसाधारणच राहत असल्याने तो घरच्यांच्याही ध्यानात येत नाही. वारंवार उलटी काढल्याने रक्तातले पोटॅशियम घटून हृदयाचे ठोके बिघडू शकतात, आणि हा धोका वजनकाट्यावर दिसत नाही. जठरातल्या आम्लाने दातांचे कवच झिजते, जबड्यापाशी गाल सुजल्यासारखे दिसतात, आणि घशात बोटे घालताना दात लागून लागून बोटांच्या सांध्यांवर घट्टे पडतात. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जेराल्ड रसेल यांनी १९७९ साली या आजाराचे वर्णन केले, तेव्हा घट्ट्यांची ही खूण नोंदवली होती.

दिवसाचा उपास आणि रात्रीचे खाणे एकमेकांत गुंतलेले आहेत. अमेरिकेतील मिनेसोटा येथे १९४४-४५ मध्ये एका प्रयोगात ३६ निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले, तेव्हा त्यांच्या मनात सतत अन्नच घोळू लागले आणि बंधन उठल्यावर काहींना खाणे आवरेना. म्हणूनच ‘जरा मनावर ताबा ठेव’ असे तिला कृपा करून सांगू नका. ती दुसऱ्या दिवशी अधिक कडक उपास करील. या आजारावरच्या मानसोपचारात सुरुवातच मुळी दर तीन-चार तासांनी ठरल्या वेळी खाण्यापासून होते.

तिच्याशी जरूर बोला, मात्र जेवणाच्या वेळी नको, आणि चारचौघांत तर नकोच. तिच्या अंगकाठीविषयी, चांगलेसुद्धा, काही न बोलता तुम्ही जे पाहिले तेवढेच सांगा आणि डॉक्टरांकडे सोबत येण्याची तयारी दाखवा. ती पहिल्यांदा चिडेल किंवा नाकारेल. काही दिवसांनी पुन्हा विचारा. न्हाणीघराबाहेर पहारा करू नका. चक्कर, छातीत धडधड किंवा उलटीत रक्त दिसले, तर मात्र तिच्या होकारासाठी थांबू नका. वसतिगृहाच्या अधीक्षकांना सांगून तिला ताबडतोब रुग्णालयात न्या आणि उलट्यांविषयी तेथील डॉक्टरांना स्पष्ट सांगा.