दृष्टिभ्रम डोळ्यात होतो की मेंदूत? घरच्या घरी तपासता येतं का?

येतं. एक डोळा झाकायचा, बस. पण उत्तर भ्रमागणिक बदलतं.

आधी रंगाचा घ्या. पांढऱ्या कागदावर 4 सेंटिमीटरचा गडद लाल चौकोन चिकटवा, मधोमध पेनाने ठिपका द्या. कागद 40 सेंटिमीटरवर धरा, डावा डोळा तळहाताने झाका आणि उजव्याने 30 सेकंद ठिपक्यावरच पाहा. नजर भटकली की कडा पुसट होतात. बहुतेकांचं इथेच फसतं. मग पांढऱ्या भिंतीकडे पाहिलंत की निळसर हिरवा चौकोन दिसेल. उजवा झाकून डाव्याने पाहा: भिंत कोरी. (झाकलेल्या डोळ्यापुढे तो कधीकधी अंधुक तरळतो आणि डाव्यालाच दिसतोय असं वाटतं. उजवा उघडा, तो ठळक होतो.) उजव्या दृष्टिपटलातल्या, लाल प्रकाशाला जास्त प्रतिसाद देणाऱ्या शंकुपेशी मंदावल्यामुळे हे होतं. म्हणजे रंग मुख्यतः डोळ्यातला.

आकार मात्र नाही. 2 मीटरवरच्या भिंतीवर तोच चौकोन साधारण 20 सेंटिमीटरचा भासतो. पटलावरचा ठसा तेवढाच असतो, अंतर हिशेबात धरून आकार मेंदू ठरवतो. स्विस नेत्रवैद्य एमिल एमर्ट यांनी 1881 मध्ये हा नियम मांडला.

आता गतीचा. रॉबर्ट अ‍ॅडम्स यांनी 1834 मध्ये स्कॉटलंडच्या फॉयर्स धबधब्यापाशी पाहिलेला हा भ्रम: पाण्याकडे टक लावून मग शेजारच्या खडकाकडे पाहिलं की खडक वर सरकताना दिसतो. घरी धबधब्याचा व्हिडिओ चालतो. स्क्रीनच्या मध्यावर छोटा कागदी ठिपका चिकटवा आणि एका डोळ्याने मिनिटभर त्याच्याकडेच पाहा. नजर पाण्याबरोबर खाली गेली तर पटलावर पाणी जवळजवळ स्थिरच राहतं, मग परिणाम कसला? नंतर ठिपक्याठिपक्यांच्या मोझॅक फरशीकडे पाहा. कोऱ्या भिंतीवर सरकायला काही नसतं, तिथे हा नीट दिसत नाही.

पुन्हा मिनिटभर पाहा, या वेळी डोळा बदलून फरशी बघा. सरकणं क्षीण होतं, पण राहतं. दोन्ही डोळ्यांचे संदेश एका पेशीत एकत्र येतात ते मेंदूच्या मागच्या भागातल्या दृष्टिकेंद्रात, तेव्हा थकवा निदान तिथपर्यंत पोचलेला असणार. लहानपणापासून तिरळेपणा असलेल्यांमध्ये दुसऱ्या डोळ्याकडे जाणारा हा परिणाम बराच कमी आढळतो, कारण दोन्ही डोळ्यांना जोडणाऱ्या पेशीच त्यांच्याकडे कमी घडलेल्या असतात. अर्थात मोबाइलवरच्या या खेळावरून कुणाचं निदान करू नका.