सायकॉलॉजी घेतलीयस ना, मग आधी हे वाच

हे बघ, सायकॉलॉजी म्हटलं की सगळ्यांना क्लिनिकलच करायचं असतं, पण नुसतं एमए क्लिनिकल केलं म्हणून लगेच क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट अशी पाटी लावता येत नाही, त्यासाठी आरसीआयची (म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची) नोंदणी लागते आणि ती मान्यताप्राप्त कोर्स केला तरच मिळते. बंगळुरूचं निमहान्स किंवा रांचीचं सीआयपी अशा मानसिक आरोग्याच्या मोठ्या संस्थांत सीटा मोजक्याच. त्यात हा कोर्स म्हणजे आधी मुख्यतः एमफिल असायचा, आणि २०२०च्या शैक्षणिक धोरणात एमफिलच बंद करायचं ठरलं, त्यामुळे सिनियर सांगतात तो जुना रस्ता डोळे झाकून धरू नकोस, आरसीआयची वेबसाइट स्वतः बघ.

माझं विचारशील तर शाळेकडचं काम एकदा जवळून बघच. मूल तोंडी फाडफाड उत्तरं देतं पण वहीत ‘ब’ आणि ‘व’ची कायम गल्लत, आईबाप म्हणतात आळशी आहे, मग तू बुद्धिमापनाची बिने-कामत टेस्ट घेतेस, वाचन-लेखन तपासतेस, लर्निंग डिसॅबिलिटी, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखनात अडचण, आहे का बघतेस. त्यावर त्याची दहावीची सवलत अवलंबून असू शकते, म्हणून रिपोर्ट लिहायला नीट शीक (हे कॉलेजात कोणी धड शिकवत नाही!). काउन्सेलिंगचा कल असेल तर मुंबईच्या टिसचं (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) अप्लाइड सायकॉलॉजी बघ. माणसांचं रडणं रोज ऐकणं झेपत नसेल तर इंडस्ट्रियलला, म्हणजे कंपन्यांतल्या कामाकडे जा, भरती, ट्रेनिंग, एचआर, पगारही बरा, त्यात कमीपणा काही नाही. आणि स्टॅटिस्टिक्स ऑप्शनला टाकू नकोस बाई, कुठेही गेलीस तरी ते मानगुटीवर बसतंच.