पोरीला आश्रमात ठेवावं का?

प्रश्न : ताई, आमच्या नीलमनगरात शेजारच्या बाई घरी विड्या वळतात, मागच्या वर्षी नवरा गेला. पोरगी सातवीला आहे पण आठवड्यातले तीन दिवस शाळेला दांडी, आईजवळ बसून विड्यांना दोरा बांधते. गल्लीत एक छोटी संस्था संध्याकाळी मुलांची अभ्यासिका चालवते. माझ्या आईच्या वर्षश्राद्धाला मला दहा हजार द्यायचेत, संस्थेला देऊ का बाईंच्या हातात? लोक म्हणतात पोरीला सरळ आश्रमात ठेवा. – एक वाचक, सोलापूर

उत्तर : दादा, आश्रमाचं आधी बोलते. आई धडधाकट आहे, जीव लावतीय, तर गरिबीपायी पोरगी तिच्यापासून तोडू नका. २०१५ चा बालन्याय कायदाही म्हणतो की मुलाला आश्रमासारख्या संस्थेत ठेवणं हा अगदी शेवटचा उपाय.

सोलापूरच्या पूर्वभागातल्या अशा घरात मी बसून आलेय. आईच्या मांडीवर सूप, पोरगी दातात दोरा धरून विड्या बांधतीय आणि गणिताची वही शेजारी तंबाखूच्या भुकटीनं माखलेली. मजुरी हजार विड्यांवर मिळते, पोरगी उठली की हजार भरत नाहीत, म्हणून ती दांडी मारते, अभ्यास नको म्हणून नाही! तेव्हा तिला रागावून काही होणार नाही, ती उठल्यावर जो खड्डा पडतो तो भरायला पाहिजे.

त्यासाठी बालसंगोपन योजना आहे, वडील नसलेल्या मुलांना २०२३ पासून महिन्याला २,२५० रुपये, अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात. कितीतरी बायकांना हे माहीतच नसतं, आणि माहीत असलं तरी एक दिवस ऑफिसात गेला की त्या दिवसाच्या विड्या बुडाल्या. इथं छोटी संस्था कामाला येते, त्यांचं कुणी सोबत जाऊन फॉर्म भरून देत असेल तर ती संस्था खरी, असं मी समजते.

अभ्यासिकेत एकदा स्वतः जाऊन बसा. या भागातली बरीच पोरं घरी तेलुगू बोलतात आणि पुस्तक मराठी, तर शिकवणाऱ्या ताईला दोन्ही येतं का बघा, मला हे बाकी सगळ्यापेक्षा मोठं वाटतं. धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी विचारा, पावती घ्या, देणगीवरची आयकराची सवलत (८०जी) पाहिजे असेल तर चेक नाहीतर ऑनलाइन द्या कारण दोन हजारांच्या वर रोख चालत नाही. आणि मुलं रात्री तिथंच राहत असतील तर बालन्याय कायद्याखालची वेगळी नोंदणी लागतेच, ती नसेल तर एक रुपया देऊ नका.

माझं मत विचाराल तर योजनेचे पैसे सुरू होईपर्यंत महिन्याला हजार रुपयांचा किराणा बाईंना द्या, उरलेलं संस्थेला, एकदम सगळे नको. पोरीच्या हातात पाकीट देऊन फोटो तर अजिबात काढू नका, तिला उद्या त्याच गल्लीतून शाळेत जायचंय.

तिच्या वडलांचा मृत्यूचा दाखला घरात आहे का ते मात्र याच आठवड्यात विचारा, नसेल तर महापालिकेतून काढून द्या, योजनेची फाईल तिथंच अडते.