विहिरीतली तांबडी पट्टी

प्रश्न : सर, मुलगा दहावीत आहे. मोबाइलवर व्हिडिओ बघून तो म्हणतो, पृथ्वी फक्त 6,000 वर्षांची, सगळे खडक एकाच महापुरात तयार झाले, कार्बनने काढलेली वयं खोटी आणि उत्क्रांतीही खोटी. त्याचा जिवलग मित्र चर्चला जाणाऱ्या घरातला आहे. मैत्री न दुखावता त्याला काय सांगू? – एक आई, खानापूर

उत्तर : ताई, मित्राच्या धर्माला यात अजिबात ओढू नका. ख्रिस्ती माणूस 6,000 वर्षं मानतोच असं नाही. उत्क्रांती ही नुसत्या तर्कापेक्षा जास्त काही आहे, हे पोप दुसरे जॉन पॉल यांनी 1996 साली मान्य केलं होतं. 6,000चा आकडा येतो बायबलमधल्या वंशावळींच्या बेरजेतून. आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी 1650 साली सृष्टीचा आरंभ इसवी सनपूर्व 4004 असा काढला. हाती होतं त्यावरून त्यांनी प्रामाणिकपणे हिशेब केला. खडकांचं वय ज्यावरून मोजतात त्या किरणोत्सर्गाचा शोध लागायला अजून अडीच शतकं होती. बायबलमधल्या महापुरातच सगळे खडक झाले, या मांडणीला जोर आला तो 1961 नंतर, अमेरिकेत.

आता माझं ऐका. मी निपाणीकडचा. 1972च्या दुष्काळात वडिलांनी विहीर खोल करायला घेतली. वर काळी माती, मग मुरूम, मग काळा पाषाण. सुरुंग लावत लावत खाली गेलो, तर हातभर जाडीची तांबडी पट्टी लागली, विटेच्या भुग्यासारखी. तिच्याखाली पुन्हा काळा पाषाण! "दगडाच्या पोटात माती कशी आली रे?" वडिलांनी विचारलं. मला सांगता आलं नाही. कॉलेजात भूशास्त्र घेतलं ते त्या प्रश्नापायी.

तापलेला लाव्हा पसरला, निवला. मग ऊनपाऊस खाऊन त्याचा वरचा पापुद्रा कुजला, माती झाली. त्यावर पुढचा लाव्हा आला आणि ती माती खाली गाडली गेली. दख्खनचं पठार अशा थरांवर थर चढून झालंय, साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वी. दगडाची माती व्हायला उघडं आभाळ लागतं आणि भरपूर काळ लागतो. वर्षभर पाण्याखाली बुडालेल्या जगात ती पट्टी तयार होणार कशी? महापूरवाल्यांचं उत्तर मी मनापासून शोधलं. पटेल असं मिळालं नाही.

कार्बनचं म्हणाल तर खडकाचं वय त्याने काढतच नाहीत. कार्बन-14 दर 5,730 वर्षांनी निम्मा होतो; 50,000 वर्षांच्या पुढे मोजण्याजोगा उरत नाही. तो लाकडाला, हाडाला चालतो. आमच्या पाषाणात किरणोत्सर्गी पोटॅशियम असतं, त्याचा हळूहळू आर्गॉन वायू होतो; तो किती झाला ते मोजतात. तिथे निम्मं व्हायला 125 कोटी वर्षं लागतात. अमेरिकी शास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी 1956 साली उल्केतल्या शिशावरून पृथ्वीचं वय 455 कोटी वर्षं काढलं. आजचा आकडा त्याच्या जवळच आहे.

इथे एक सांगतो. आपल्यातले काही लोक लगेच म्हणतील, "बघा, पुराणातला आपला कल्प 432 कोटी वर्षांचा!" मुलाला तेही शिकवू नका. आकडे जवळ आले म्हणून पुरावा होत नाही. अशरना जी कसोटी, तीच आपल्याला.

हल्ला वयावर का, तेही त्याला समजू द्या. 6,000 वर्षांत उत्क्रांतीला जागाच उरत नाही. 2023 मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला, ते मला अजून डाचतं. शाळेत नाही मिळालं की पोरं मोबाइलवर शोधणारच.

दोघा मित्रांना एका रविवारी तवंदी घाटात घेऊन या. रस्त्यासाठी डोंगर कापलाय, तिथे कडा नीट बघू दे. वाहनांपासून लांब उभं राहायला सांगा. थर किती, मध्ये तांबडं कुठे दिसतं का, दिसलं तर जाडी किती, हे दोघांनी वहीत लिहावं आणि मला पाठवावं. मी उत्तर देईन, दोघांनाही.